गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो: डीपीएफचं रिजनरेशन की बिघाड?

कोथरूडचा_चालक | १२ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तासाभरापूर्वी वॉचमनकाकांनी दार वाजवलं. "साहेब, गाडी चालूच राहिलीय बघा." किल्ली घेऊन खाली पळालो. गाडी बंदच होती, पण बॉनेटखालचा पंखा एवढ्या जोरात फिरत होता की आवाज अख्ख्या पार्किंगमध्ये घुमत होता. तापलेल्या लोखंडाचा, जळका वास येत होता. पाच-सात मिनिटांनी पंखा आपोआप थांबला. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी गॅलरीत येऊन उभ्या होत्या, त्यांचीही झोपमोड झाली.

गाडी २०२१ ची, १.५ लिटर डिझेल, बीएस-६, मॅन्युअल. ३८ हजार किमी झालेत. रोजची धाव म्हणजे सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, तिथून एरंडवण्यात ऑफिस, संध्याकाळी परत. एका खेपेला चार-पाच किमी, त्यातले निम्मे सिग्नलवर उभं राहण्यात जातात. दोन-तीन महिन्यांतून एकदा कराडला घरी.

गेल्या पंधरवड्यात हे पाचव्यांदा झालं. त्या दिवशी आयडलिंगही (उभ्या गाडीत इंजिनचा फिरण्याचा वेग) ८०० आरपीएमवरून हजाराच्या आसपास गेलेलं असतं आणि ॲव्हरेज पार कोसळतं. डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "डिझेलला असं होतंच" एवढंच उत्तर मिळालं. माझं समाधान झालं नाही. हे नॉर्मल आहे की काही बिघडतंय? आणि बॅटरी उतरेल का?

---

तळेगावचा_मेस्त्री | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

दादा, घाबरू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणा सगळ्या एकाच गोष्टीच्या आहेत. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. गाडी त्यातली काजळी जाळत होती, यालाच रिजनरेशन म्हणतात, आणि तुम्ही मध्येच इंजिन बंद केलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठाऊक असतं की आत भट्टी पेटलेली आहे, म्हणून इंजिन थांबलं तरी पंखा चालू ठेवतो. तो काही मिनिटांपुरताच. बॅटरी चांगली असेल तर उतरत नाही.

पण पंधरा दिवसांत पाच वेळा? हे मला पटत नाही. पंखा त्याचं काम करतोय, त्याला दोष नाही. एवढ्या वेळा काजळी जाळायची पाळी का येतेय ते शोधायचं. मागचं रिजनरेशन किती किमीला झालं, काही नोंद आहे?

---

कोथरूडचा_चालक | १३ जानेवारी, सकाळी ९:२०

धन्यवाद काका. नोंद नाही. कशी काढायची?

---

बाणेर_बुलेट | १३ जानेवारी, सकाळी १०:११

एवढा त्रास असेल तर घरी आल्यावर पंख्याचा फ्यूज काढून ठेवायचा, सकाळी परत लावायचा. आमच्या ओळखीचे एकजण असंच करतात.

---

तळेगावचा_मेस्त्री | १३ जानेवारी, सकाळी १०:३०

कृपा करून हे कुणीही करू नका. हात जोडून सांगतो. टर्बो आणि डीपीएफ अगदी शेजारी असतात, आजूबाजूला रबरी होज, प्लॅस्टिकचे पाइप, वायरिंग. ती उष्णता बाहेर काढायला पंखा फिरतोय. आणि सकाळी फ्यूज लावायचा विसरलात तर ट्रॅफिकमध्ये गाडी तापेल आणि हेड गॅस्केट जाईल. दुसरं म्हणजे, गाडी बंद आहे म्हणून बॉनेट उघडून पंख्याजवळ हात घालू नका. तो न सांगता सुरू होतो. माझ्याच गॅरेजमध्ये एका पोराची बोटं थोडक्यात वाचली आहेत.

---

सोनचाफा_चाकण | १३ जानेवारी, दुपारी १:४८

मी चाकणच्या पट्ट्यात डिझेल इंजिनांच्या एक्झॉस्टच्या चाचण्यांवर काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. रोज हेच बघतो आम्ही.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सिरॅमिकचा ठोकळा. मधाच्या पोळ्यासारखा, पण प्रत्येक बोळ एका बाजूने बुजवलेला आणि शेजारचा दुसऱ्या बाजूने. धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं, काजळी अलीकडे अडकते. प्रवासी गाडीत असा फिल्टर कारखान्यातूनच बसून आला तो २००० साली, प्यूजो ६०७ मध्ये. आपल्याकडे घरोघरी आला तो १ एप्रिल २०२० पासून, प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर. त्याच वेळी डिझेलमधलं गंधकही ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलं. हे सगळं एकत्र आलं म्हणून ही व्यवस्था चालते, गंधक जास्त असेल तर त्यातले कॅटलिस्ट (धुरातले घटक जाळायला मदत करणारे लेप दिलेले ठोकळे) नीट काम करत नाहीत.

अडकलेली काजळी दोन प्रकारे जळते. हायवेवर लोडखाली एक्झॉस्ट अडीचशे-तीनशे अंशांच्या वर राहिला की धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे ती हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता जळत असते. कोथरूड ते एरंडवणे या खेपेत तो गरमावा येतच नाही. मग काजळी साचत जाते. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबातला फरक मोजणारा सेन्सर असतो. त्यावरून आणि किती किमी कसे चालवले यावरून ईसीयू काजळीचा अंदाज बांधतो आणि मर्यादा गाठली की मुद्दाम जाळायला घेतो. सिलिंडरमध्ये उशिरा, म्हणजे पॉवरचा स्ट्रोक होऊन गेल्यावर, थोडं डिझेल जास्तीचं सोडतो. ते न जळता पुढे जातं, फिल्टरच्या आधीच्या कॅटलिस्टवर जळतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं. त्या तापमानाला काजळी हवेतल्या ऑक्सिजनवर जळून जाते. दहा ते वीस मिनिटांचं काम. तुमचं आयडलिंग वाढणं, ॲव्हरेज पडणं, वास, सगळं त्या वीस मिनिटांतलं.

गाडी चालत असताना समोरची हवा या भागाला गार ठेवते. तुम्ही थांबलात की हवा थांबते, पण सहाशे अंशांचा ठोकळा तिथेच असतो. म्हणून पंखा.

एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. राख जळत नाही. काजळी वेगळी, राख वेगळी. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, त्यातल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाकायचं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जुन्या गाडीचं ऑइल टाकलं तर फिल्टर आयुष्याआधी भरतो.

---

सातारी_चाक | १३ जानेवारी, दुपारी ३:०२

सोनचाफाताई, प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. वाचनखूणही साठवली.

एक अनुभव लिहितो. डिसेंबरात कासच्या रस्त्याला घाट चढून गेल्यावर वाळलेल्या गवतावर गाडी लावली. पंखा जोरात चालू होता, मी लक्ष दिलं नाही. चहा घेऊन आलो तर गाडीखालून धूर. सायलेन्सरखालचं गवत काळं पडून धुमसत होतं. पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, पायाने मातीत चुरगळलं. वारा असता तर डोंगर पेटला असता. तेव्हापासून पंख्याचा आवाज ऐकू आला की मोकळ्या डांबरावर किंवा मातीवरच लावतो. लग्नाच्या हॉलबाहेर शेतात पार्किंग असतं तिथे तर विशेष जपा.

---

बाणेर_बुलेट | १३ जानेवारी, दुपारी ४:१५

फ्यूजचं माझं चुकलं, मेस्त्रीकाका. त्या ओळखीच्यांनाही आजच सांगतो. पण मग रिजनरेशन चालू असताना घर आलं तर काय करायचं? गाडी आयडलवर ठेवून पूर्ण होऊ द्यायचं का?

---

सातारी_चाक | १३ जानेवारी, दुपारी ४:३१

मी तसंच करतो. आठ-दहा मिनिटं उभी ठेवतो, मग बंद.

---

सोनचाफा_चाकण | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

सातारीदादा, हे मी तरी सुचवणार नाही. काही गाड्या उभ्या असताना जाळणं सोडून देतात, काही चालू ठेवतात पण आयडलवर उष्णता कमी, म्हणून वेळ लांबतो. तेवढा वेळ ते उशिराचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवर पडत राहतं आणि रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिझेल सहजासहजी उडून जात नाही. ऑइल पातळ होतं.

वेळ असेल तर एक फेरी मारून या. चौथ्या गिअरमध्ये ५०-६० चा वेग, आरपीएम दोन हजाराच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं. कोथरूडहून चांदणी चौक चढून बावधनकडे गेलं तरी पुरतं. वेळ नसेल तर निर्धास्त बंद करा. अर्धवट राहिलेलं काम गाडी पुढच्या खेपेला पुन्हा हाती घेते. एखाद्या वेळी तुटलं तर काही बिघडत नाही. दहापैकी आठ वेळा तुटत असेल तर मात्र आधी डीपीएफचा दिवा, मग पॉवर कमी, मग स्कॅनर लावून उभ्या गाडीत जबरदस्तीचं रिजनरेशन. तेही दुर्लक्षित केलं तर फिल्टर उतरवावा लागतो.

---

तळेगावचा_मेस्त्री | १३ जानेवारी, रात्री ८:१०

ताईंचं बरोबर. आणि कोथरूडचे दादा, उद्या सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढून बघा. ऑइल मॅक्सच्या वर गेलं असेल तर ते वाढलेलं ऑइल नाही, डिझेल आहे. फार वर गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटू शकतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. हसण्यावारी नेऊ नका.

ब्लूटूथचं ओबीडी यंत्र घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, स्टिअरिंगच्या खाली जोडायचं. फोनवर काजळी किती ग्रॅम, मागचं रिजनरेशन किती किमीपूर्वी, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान हे बहुतेक गाड्यांत दिसतं. आठवडाभर लिहून काढा, मग बोलू.

---

नागपूरी_संत्रं | १४ जानेवारी, सकाळी ८:४४

मंडळी, माझा पंखा तर सकाळी गार इंजिनवर किल्ली फिरवली की लगेच फुल स्पीडने सुरू होतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ चालतो. रोज. हेही रिजनरेशनच का? समृद्धीवरून महिन्यातून दोनदा जातो, शंभर-एकशेवीसने, म्हणजे काजळी साचायला नको.

---

तळेगावचा_मेस्त्री | १४ जानेवारी, सकाळी ९:००

नाही दादा, तुमची गोष्ट वेगळी. रात्रभर गार झालेल्या गाडीत काजळी जळत नसते. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघा. सेन्सरकडून आकडा आला नाही की ईसीयू वाईटात वाईट धरून पंखा फुल सोडतो, इंजिन वाचावं म्हणून. एसीचा प्रेशर सेन्सर किंवा चिकटलेला रिले हेही असू शकतं. यात उशीर करू नका, कारण खरंच तापली तर तुम्हाला कळणार नाही.

---

नागपूरी_संत्रं | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

काका, पाया पडतो तुमच्या. उंदराने सेन्सरची वायर कुरतडली होती. जोडून घेतली, पंखा शांत.

---

मिरजेची_स्वरा | १५ जानेवारी, दुपारी १२:२५

आमच्याकडे एकजण पंचवीस हजारात डीपीएफ कापून काढून प्रोग्रॅम बदलून देतो म्हणतोय. पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, कटकट संपते. वडील तयार झालेत. कुणी केलंय का?

---

मिल्टनकीन्सहून | १५ जानेवारी, संध्याकाळी ५:३८

स्वराताई, वडिलांना थांबवा. मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं इंग्लंडात आहे. इथे या वाटेने लोक आधीच जाऊन आले. इथली वार्षिक तपासणी म्हणजे एमओटी. फेब्रुवारी २०१४ पासून तीत फिल्टर जागेवर आहे का हे पाहायला लागले. लोक मग डबा बाहेरून तसाच ठेवून आतून पोकळ करून घेऊ लागले. मे २०१८ पासून नियम आणखी कडक केला, फिल्टर असलेल्या गाडीतून कुठल्याही रंगाचा धूर दिसला तरी नापास. ज्यांनी कापून टाकले होते त्यांना पुन्हा नवीन बसवावे लागले, आणि नव्या फिल्टरची किंमत ऐकून कपाळाला हात लावलेले लोक मी पाहिलेत.

पण मला पैशापेक्षा दुसरं सांगायचंय. ही काजळी इतकी बारीक असते की नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली मान्य केलंय. मिरजेच्या बाजारात तुमची गाडी जिथे उभी राहते तिथे शेजारी भाजीवाली दिवसभर बसलेली असते. तो फिल्टर तिच्यासाठी आहे.

---

सोनचाफा_चाकण | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

अगदी मनातलं लिहिलंत. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत असे फेरफार करायला मनाई आहे. वॉरंटी जाते ते वेगळंच.

---

मिरजेची_स्वरा | १५ जानेवारी, रात्री ९:५०

वडिलांना वरचा प्रतिसाद वाचून दाखवला. भाजीवालीचं ऐकून गप्प बसले. उद्या फोन करून नाही सांगणार आहेत.

---

कोथरूडचा_चालक | २१ जानेवारी, रात्री १०:१५

उशिराबद्दल क्षमस्व, आठवडाभराची वही घेऊन बसलोय.

डिपस्टिक: मॅक्सच्या खुणेच्या वर साधारण चार-पाच मिलिमीटर, वासही डिझेलचा.

दोन रिजनरेशनमधलं अंतर: ९४ किमी, मग ११२ किमी, मग ८८. दोनदा मी मुद्दाम बावधनकडे फेरी मारली, तरी काजळी २२ ग्रॅमवरून ९ पर्यंतच उतरली आणि तिथेच थांबली.

आणि एक विचित्र गोष्ट. काल परत पार्किंगमध्ये पंखा जोरात. किल्ली बंद न करता, इंजिन चालू ठेवूनच फोनवर बघितलं. कूलंट ६६ अंश! पंखा तर गाडी तापली की लागतो ना? ६६ ला का फिरतोय? डॅशबोर्डवर पट्टी नेहमी अर्ध्याच्या एक घर खाली असते. मी आजवर समजत होतो की गाडी छान थंड चालते.

---

तळेगावचा_मेस्त्री | २१ जानेवारी, रात्री १०:३२

सापडलं.

दादा, पंखा कूलंटसाठी फिरतच नव्हता, डीपीएफसाठी फिरत होता. हे ६६ च्या आकड्याने सिद्ध झालं. पण दुसरीकडे, पुण्यात पंचवीस मिनिटं चालवून कूलंट ६६? ते ८५-९० च्या घरात पाहिजे. तुमचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, उघडा अडकलाय. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय, इंजिन कधी पुरतं गरम होतच नाही. थंड इंजिन काजळी जास्त करतं आणि रिजनरेशनला लागणारा गरमावा टिकत नाही. सुरू होतं, तुटतं, परत सुरू होतं. दरवेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये.

तुमच्या छोट्या खेपांचाही वाटा आहे, पण नुसत्या त्यांनी अंतर ९० वर येत नाही. स्कॅनरमध्ये पी०१२८ हा कोड (कूलंट पुरेसं गरम होत नाही याचा) पेंडिंग दिसतो का बघा. दिवा न लावताही तो आत पडून असतो.

---

सोनचाफा_चाकण | २१ जानेवारी, रात्री ११:०५

काकांशी पूर्ण सहमत. ९ ग्रॅमला थांबण्याचं कारणही तेच दिसतंय. कॅटलिस्ट दोनशे-अडीचशे अंशांच्या खाली गेला की जास्तीचं डिझेल त्यावर जळत नाही, मग ईसीयू काम थांबवतो. "छान थंड चालते" हा समज अनेकांचा असतो. डिझेल इंजिन थंड चालणं हा आजार आहे.

---

कोथरूडचा_चालक | २४ जानेवारी, रात्री ९:४०

पी०१२८ होता! दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, कोड दाखवला. थर्मोस्टॅट काढून पाण्यात धरला तर थंड असतानाच अर्धवट उघडा. नवीन बसवला, कूलंट बदललं, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कमी राखेचं ऑइल. मग एक्स्प्रेस वेवरून खालापूरपर्यंत जाऊन आलो. कूलंट ८८ वर चिकटून बसलेलं. काजळी ३ ग्रॅम. हा आकडा बघून किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. बायकोला फोन पुढे करून दाखवला.

मेस्त्रीकाका, सोनचाफाताई, तुमचे उपकार कसे फेडू?

---

तळेगावचा_मेस्त्री | २४ जानेवारी, रात्री १०:०२

उपकार कसले. हजार किमी झाल्यावर अंतर किती आलं तेवढं इथे लिहा, पुढच्याला उपयोगी पडेल. डिपस्टिक दर महिन्याला.

---

कोथरूडचा_चालक | २ मार्च, रात्री ८:३०

काका, सांगितल्याप्रमाणे. थर्मोस्टॅटनंतरची अंतरं: ३४६ किमी, ३७१ किमी, आणि कराडची फेरी धरून ५१०. खेपा पूर्वीसारख्याच छोट्या आहेत. फक्त रविवारी सकाळी एकदा मुलीला घेऊन खेड शिवापूरपर्यंत जातो, तिला तिथली मिसळ आवडते आणि गाडीही पुरती गरम होते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये. एवढ्या दिवसांत पार्किंगमध्ये पंखा एकदाच लागला. वॉचमनकाकांना मी आधीच सांगून ठेवलंय की हा आवाज आला तर काळजी नाही, फक्त मुलांना सायलेन्सरपाशी जाऊ देऊ नका.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | ३ मार्च, सकाळी ७:५५

आत्ताच पूर्ण धागा वाचला. माझंही तेच, २०२२ ची डिझेल, दर शंभर किमीला पंखा. सर्व्हिस सेंटर म्हणतं डीपीएफच बदला. बदलू का?

---

तळेगावचा_मेस्त्री | ३ मार्च, सकाळी ८:१०

थांबा. वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवल्यावर कूलंट किती दाखवतंय? आणि डिपस्टिक कुठे आहे? दोन्ही आकडे इथे टाका, मग बोलू.